कामापुरता संगणक शिकायचा आहे: एक्सेल, पायथन, डिझाइन... सुरुवात कुठून करू?

शून्यापासून

नमस्कार मंडळी.

मला ईमेल, वर्ड आणि थोडंफार एक्सेल येतं. एका लहानशा ग्रंथसंग्रहाचं काम हौसेनं अंगावर घेतलं आहे. चारेक हजार पुस्तकं आहेत. त्यांची एक्सेलमधली यादी आहे, पण ती वेगवेगळ्या माणसांनी आपापल्या मर्जीनं भरलेली. आता तीन गोष्टी करायच्या आहेत. पुस्तकांवर बारकोडची लेबलं लावायची, कुठलं पुस्तक कोणाकडे आहे ते झटकन कळायला हवं, आणि वर्षातून एकदा छापील सूची काढायची.

चौकशी केली तर एकानं सांगितलं पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शीक. दुसऱ्याच्या मते हे डेटाबेसचं काम, तेव्हा एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. लेबलांसाठी तिसऱ्यानं फोटोशॉप सुचवलं. तिन्हींचे व्हिडिओ बघायला घेतले. बघताना सगळं समजतं, पण कोरी स्क्रीन समोर आली की हात चालत नाही.

नोकरी बदलायची नाही, प्रमाणपत्रही नको. हे काम स्वतःच्या हातानं जमलं पाहिजे, एवढंच. क्रम काय ठेवू? आणि कुठपर्यंत शिकलं तर भागेल?


जुनाजाणता

आधी सी ही भाषा शिका. मेमरी कशी वापरली जाते, पॉइंटर काय करतो, हे समजल्याशिवाय बाकीचं सगळं वरवरचं. पाया पक्का असेल तर पायथन हां हां म्हणता येईल.


अर्धविराम

अहो, त्यांना पुस्तकांना लेबलं लावायची आहेत, ऑपरेटिंग सिस्टिम नाही लिहायची :)


मोजपट्टी

शून्यापासून, तुमच्यासमोर तीन विषय ठेवले गेलेत, पण काम एकच आहे. तीन कोर्स करण्यापेक्षा हे एकच काम तिन्ही टप्प्यांतून न्या. त्यासाठी एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी: माहिती वेगळी, त्या माहितीवर करायची क्रिया वेगळी आणि ती कागदावर दिसते कशी ते वेगळं. एक्सेलमध्ये हे तिन्ही एकाच चौकटीत कोंबता येतं. एक्सेल सोपं वाटतं ते त्यामुळेच, आणि तुमच्या यादीचा खेळखंडोबा झालाय तोही त्यामुळेच.

म्हणून सुरुवात एक्सेलपासूनच करा, पण नीट. एका ओळीत एक पुस्तक, एका रकान्यात एकच बाब. लेखकाच्या नावापुढे कंसात "अनुवाद अमुक" असं लिहिलेलं असेल तर अनुवादकाला स्वतंत्र रकाना द्या. चौकटी मर्ज करू नका. हरवलेल्या पुस्तकांच्या ओळी लाल केल्या असतील तर "स्थिती" नावाचा रकाना करून त्यात "हरवले" असा शब्द लिहा. फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला नुसता मजकूर) केली की रंग गळून पडतो, शब्द राहतो. वर शीर्षकांची एकच ओळ. संग्रहाचं नाव, बोधचिन्ह, "दिनांक अमुक रोजी अद्ययावत" हे सगळं त्या पानावरून काढून टाका, ती छापायच्या वेळची सजावट आहे.

आता एक्सेलचा आगाऊपणा. तुम्ही काय लिहिलंय याचा ते अंदाज बांधतं आणि न विचारता बदल करून मोकळं होतं. माणसाच्या जनुकांपैकी काहींची नावं मार्च-१, सेप्ट-१ अशा धर्तीची होती. एक्सेल त्यांच्या तारखा करायचं. संशोधकांच्या तक्त्यांत हे इतकं बोकाळलं की शेवटी २०२० साली जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं ती नावंच बदलून टाकली. एक्सेल तेव्हा होतं तसंच राहिलं, बारसं जनुकांचं झालं!

तुमच्याकडे हाच त्रास आयएसबीएनच्या, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाच्या रकान्यात होणार. २००७ च्या आधीचे क्रमांक दहा अंकी असत. त्यातल्या इंग्रजी पुस्तकांचे बरेचसे शून्यानं सुरू होतात, आणि काहींच्या शेवटी अंकाऐवजी एक्स हे अक्षर असतं. नुसते अंक असले की एक्सेल त्याला संख्या समजतं आणि पुढचा शून्य खाऊन टाकतं. म्हणून तो रकाना आधी "टेक्स्ट" करायचा, मगच भरायचा. ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करणार नाही ती संख्या नव्हेच. फोन नंबर, पिनकोड, सभासद क्रमांक, सगळ्यांना हाच नियम.

व्हीलुकअप (यादीत शोधून जुळणारी माहिती आणणारं एक्सेलचं सूत्र) वापरत असाल तर एक सांगून ठेवतो. त्याचा चौथा घटक लिहिला नाही तर ते "जवळपास जुळणारं" उत्तर शोधतं. यादी क्रमानं लावलेली नसेल तर चुकीच्या पुस्तकाचं नाव बिनदिक्कत आणून देतं, वर चूक झाल्याचं सांगतही नाही. तिथे फॉल्स लिहाच. नव्या आवृत्तीत एक्सलुकअप आहे, ते मुळातच तंतोतंत जुळणी करतं.


वाचनमात्र

वाचनखूण साठवली. लाल ओळींबद्दल +१. आमच्याकडे पिवळा म्हणजे काय हे सांगू शकणारा माणूस सोडून गेला, तेव्हापासून पिवळा कोणालाच माहीत नाही.


शून्यापासून

मोजपट्टी, खूप आभार. आयएसबीएनचा रकाना उघडून बघितला तर तिथे "९.७८ई+१२" असं काहीतरी दिसतंय, शंभरेक ओळींत. ते क्रमांक गेले का?


मोजपट्टी

बहुतेक नाही गेले. त्या चौकटीवर क्लिक करून वरच्या सूत्रपट्टीत बघा. तिथे तेरा अंक पूर्ण दिसत असतील तर फक्त दाखवण्याची तऱ्हा बदललेली आहे. एक्सेल पंधरा अंकांपर्यंत संख्या बिनचूक ठेवतं, तेरा त्यात बसतात. रकान्याचं फॉरमॅट "नंबर" करा, दशांश स्थळं शून्य ठेवा, अंक पुन्हा दिसतील.

मात्र ती फाइल त्याच अवतारात कोणी सीएसव्ही म्हणून जतन केली असेल तर मामला वेगळा. सीएसव्हीमध्ये डोळ्यांना जे दिसतं तेच उतरतं. मग खरोखरच "९.७८ई+१२" एवढीच अक्षरं उरतात आणि बाकीचे अंक कायमचे जातात. मूळ फाइल हाताशी ठेवा, तिला हात लावू नका, काम प्रतीवर करा.

दहा अंकी क्रमांकांतला नुसता पुढचा शून्य गेला असेल तर मात्र काळजी नको. नऊ अंक दिसले की पुढे शून्य लावायचा.


अर्धविराम

माझ्या मते इथेच तुमचा पायथनचा पहिला धडा आहे. व्हिडिओवाले गुणाकाराचा पाढा नाहीतर आकडा ओळखण्याचा खेळ करायला लावतात. त्यात अडचण अशी की उत्तर चुकलं तरी तुम्हाला फरक पडत नाही. इथे पडतो.

तेरा अंकी आयएसबीएनचा शेवटचा अंक तपासणीसाठी असतो. डावीकडून पहिल्या अंकाला १ नं गुणायचं, दुसऱ्याला ३ नं, तिसऱ्याला पुन्हा १ नं, असं एकाआड एक. सगळ्यांची बेरीज. तिला १० नं पूर्ण भाग गेला तर क्रमांक ठीक. ९७८०३०६४०६१५७ हा घ्या आणि आधी कागदावर करून बघा. पहिल्या बारा अंकांची गुणून बेरीज ९३ येते, शेवटचे ७ मिळवले की १००. जमलं.

आता हेच पायथनला सांगायचं. क्रमांक अक्षरमाला (स्ट्रिंग, संख्या नव्हे) म्हणून घ्या, फॉर लूपनं एकेका अंकावरून जा, जागा सम की विषम बघून १ किंवा ३ नं गुणा, एका चलात साठवत जा, शेवटी शेकड्याचं चिन्ह वापरून १० नं भागल्यावरची बाकी काढा. सात-आठ ओळींचं काम आहे. तेवढ्यात चल, लूप, अट, अक्षर आणि संख्या यांतला फरक, फंक्शन, सगळं येऊन जातं. मग तेच फंक्शन सीएसव्ही फाइलच्या प्रत्येक ओळीवर चालवायचं आणि नापास झालेल्या ओळी वेगळ्या फाइलीत लिहायच्या. एवढं जमलं की तुमच्या कामापुरतं निम्मं प्रोग्रॅमिंग आलं असं समजा.

दोन खाचखळगे आधीच सांगतो. एक्सेलमधून जतन करताना "सीएसव्ही यूटीएफ-८" हाच पर्याय निवडा, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. त्या फाइलीच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण असते, ती पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते आणि पायथन म्हणतं "असा रकानाच नाही". फाइल उघडताना एन्कोडिंग "यूटीएफ-८-सिग" असं दिलं की ती सुटते. दुसरं म्हणजे पांडास ही लायब्ररी (आयत्या फंक्शनांचा संच) वापरलीत तर तीही आयएसबीएनला संख्या समजेल. वाचतानाच सांगायचं की हा रकाना स्ट्रिंग आहे.

आणि चूक आली की घाबरू नका. पायथन लांबलचक लाल मजकूर फेकतं, त्यातली शेवटची ओळ आधी वाचा. काय झालं ते तिथे असतं, कुठे झालं ते तिच्या वर. मधलं सगळं सध्या सोडून दिलं तरी चालतं.


रिकामटेकडा

एवढा खटाटोप कशाला? चॅटजीपीटीला सांगा "आयएसबीएन तपासणारा प्रोग्रॅम दे", दोन सेकंदांत देतो. शिकण्याचे दिवस गेले.


अर्धविराम

देतो की, आणि बहुतेक वेळा बरोबरही देतो. जरूर घ्या. पण घेतलेलं बरोबर आहे हे तुम्ही ठरवणार कशावरून?

वरच्याच क्रमांकात ६ आणि १ शेजारी शेजारी आहेत. टाइप करणाऱ्याकडून त्यांची अदलाबदल झाली, ९७८०३०६४०१६५७ असं पडलं. बेरीज करा, ९० येते. म्हणजे चुकीचा क्रमांक पास! शेजारच्या दोन अंकांत पाचाचा फरक असला की बेरजेत बरोबर दहाचा फरक पडतो आणि ही तपासणी आंधळी होते. जुन्या दहा अंकी पद्धतीत ११ नं भागत, तिथे अशी अदलाबदल सुटत नव्हती. प्रोग्रॅम अगदी निर्दोष असला तरी "सगळे क्रमांक पास" याचा अर्थ "सगळे क्रमांक बरोबर" असा होत नाही. ही गोष्ट एकदा कागदावर बेरीज केलेल्या माणसाच्या लक्षात येते. फक्त उत्तर घेऊन जाणाऱ्याला तो प्रश्न पडतच नाही.

वापर करायचाच तर असा करा: आधी स्वतः लिहा, अडलं की तुमची ओळ त्याला दाखवून "इथे काय चुकतंय" असं विचारा. आणि दिलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला उत्तर माहीत असलेली उदाहरणं घाला: एक बरोबर, एक चूक, एक रिकामं, एक बारा अंकीच.


रिकामटेकडा

बरं बाबा, ६ आणि १ ची बेरीज करून बघितली. मुद्दा मान्य.


खिळेजुळारी

लेबलांचं कोणीच बोलेना म्हणून लिहितो. छपाईच्या कामात आयुष्य गेलं माझं.

फोटोशॉप नको. ते वाईट आहे म्हणून नव्हे, पण ते ठिपक्यांचं सॉफ्टवेअर आहे, आणि बारकोड म्हणजे रेघा. पुस्तकांवरच्या तेरा अंकी बारकोडातली सर्वांत बारीक रेघ प्रमाण आकारात ०.३३ मिलिमीटर असते. इंचाला ३०० ठिपके धरले तर तिच्या वाट्याला चारला किंचित कमी ठिपके येतात. अर्धामुर्धा ठिपका छापता येत नाही, मग सॉफ्टवेअर कडा करडी करून वेळ मारून नेतं. कडा करडी झाली की स्कॅनर अडखळतो. त्यात कोणी ते चित्र ताणून मोठं केलं की आनंदच.

म्हणून व्हेक्टर. इंकस्केप मोफत आहे, इलस्ट्रेटर असेल तर तेही चालेल. व्हेक्टरमध्ये रेघ ही "इथून इथपर्यंत, एवढ्या जाडीची" अशी नोंद असते. कितीही लहानमोठी करा, धार तशीच. इंकस्केपच्या एक्स्टेन्शन्सच्या मेनूत रेंडरखाली बारकोड काढायची सोय आहे, क्रमांक टाकला की रेघा तयार.

लेबलात तीन गोष्टी पाळा. बारकोडच्या दोन्ही बाजूंना पांढरी जागा सोडायची, तिथे नाव, चौकट, नक्षी काहीही आणायचं नाही. त्या कोऱ्या जागेवरूनच स्कॅनरला सुरुवात आणि शेवट कळतो. रेघा काळ्याच ठेवायच्या. लाल तर चुकूनही नको, कारण बऱ्याच स्कॅनरचा प्रकाश लाल असतो आणि त्या प्रकाशात लाल रेघ आणि पांढरा कागद एकसारखेच दिसतात. तिसरं, प्रमाण आकाराच्या ८० टक्क्यांहून लहान करू नका, कितीही जागा वाचवायची असली तरी.

मग मराठी. इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइन वापरलंत आणि "किताब" लिहिल्यावर पहिली वेलांटी कच्या उजवीकडे जाऊन बसली, जोडाक्षरं तुटली, तर फॉन्टला शिव्या देऊ नका. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये "वर्ल्ड-रेडी कंपोझर" निवडावा लागतो. साधा कंपोझर देवनागरीची जुळणी करत नाही. इंकस्केपमध्ये हा त्रास नाही.

आणि कोणी जुन्या फॉन्टमधली यादी आणून दिली, युनिकोडच्या आधीच्या जमान्यातली, तर ती आधी रूपांतरित करून घ्या. त्या फाइलीत मुळात इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्टनं त्यांना मराठी मुखवटा चढवलेला असतो. फॉन्ट बदला, मुखवटा उतरतो. अशा यादीत शोध चालत नाही, आणि क्रम लावायला गेलात तर तो इंग्रजी अक्षरांचा लागतो.

छापील सूचीसाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर घेऊ नका, वर्ड किंवा लिबरऑफिस रायटर पुरे आहे. पण स्टाइल वापरायला शिका. पुस्तकाचं नाव निवडून ठळक, लेखक निवडून तिरका, असं चार हजार वेळा करणारी माणसं मी पाहिलेली आहेत. "शीर्षक" आणि "लेखक" अशा दोन स्टाइल करा. उद्या अक्षर एक पॉइंटनं लहान करायचं ठरलं तर एकाच जागी बदलायचं. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये शिकण्यासारखी पहिली गोष्ट कोणती असं विचाराल तर मी स्टाइल म्हणेन. छाया, चमक, रंगांच्या छटा ही सगळी मागाहूनची मजा.


वाचनमात्र

वर्ल्ड-रेडी कंपोझर! देव तुमचं भलं करो. मी प्रत्येक वेलांटी हातानं उचलून जागेवर ठेवत होतो.


अर्धविराम

खिळेजुळारी, तुमच्या प्रतिसादाला माझी पुरवणी.

इंकस्केपमध्ये एक लेबल काढा. नावाच्या जागी "शीर्षक_इथे", क्रमांकाच्या जागी "क्रमांक_इथे" असं लिहा आणि एसव्हीजी (व्हेक्टर चित्राचा फाइल प्रकार) म्हणून जतन करा. आता ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा. चित्र दिसणार नाही, मजकूर दिसेल: कंसांत रेघांचे अंक, रंग, मापं, आणि मध्येच तुमचं "शीर्षक_इथे". म्हणजे पायथननं करायचं एवढंच. ही फाइल वाचायची, "शीर्षक_इथे" च्या जागी यादीतलं नाव घालायचं, नव्या नावानं जतन करायची आणि पुढच्या ओळीकडे जायचं. चार हजार लेबलं. त्यांचं पीडीएफ करायचं कामही इंकस्केपला कमांड लाइनवरून सांगता येतं.

एकच खोडा: पुस्तकाच्या नावात अँपरसँड, म्हणजे "आणि" साठीचं ते वेटोळं चिन्ह असेल, तर फाइल उघडणार नाही. एसव्हीजीच्या व्याकरणात त्या चिन्हाला विशेष अर्थ आहे. पायथनमध्ये ते सुरक्षित करून देणारं एस्केप नावाचं तयार फंक्शन आहे, ते वापरायचं.

मोजपट्टींनी वर म्हटलंय ना, माहिती, क्रिया आणि दिसणं वेगळं, ते इथे अक्षरशः तीन फाइली होऊन समोर येतं. यादी बदलली तर डिझाइनला हात लावायचा नाही. लेबलाचा रंग बदलला तर प्रोग्रॅमला हात लावायचा नाही.


जुनाजाणता

सीची चेष्टा झाली, हरकत नाही. पण अक्षर संगणकात कसं साठवतात हे कळल्याशिवाय तुमची छापील सूची बिघडणार आहे, ते ऐका.

प्रत्येक अक्षराला युनिकोडमध्ये एक क्रमांक आहे, आणि पायथन नुसत्या त्या क्रमांकांनुसार यादी लावतं. देवनागरीचे क्रमांक बरेचसे वर्णमालेच्या क्रमानं आहेत, पण ळ हा लच्या लगेच पुढे आहे, व आणि हच्या आधी. आपण तो हनंतर म्हणतो. त्याहून वाईट ॲचं. ते अक्षर मागाहून, २००८ साली आलं आणि त्याला जागा मिळाली सगळ्या व्यंजनांच्या, अगदी अंकांच्याही पलीकडे. त्यामुळे "ॲटलस" हे पुस्तक सूचीत "हिमालय" च्या नंतर येईल.

अजून पुढे आहे. काहीजण ॲ हे एकच अक्षर म्हणून टाइप करतात, काहीजण आधी अ आणि वर चंद्र देतात. दिसायला दोन्ही सारखी, संगणकाला दोन वेगळे शब्द. लिहिण्याच्या वेगवेगळ्या तऱ्हा एकसारख्या करणारा युनिकोडचं नॉर्मलायझेशन म्हणून एक प्रकार असतो, त्यानंही ही दोन एक होत नाहीत. एकाच लेखकाचं नाव यादीत दोनदा येतंय आणि फरक काही केल्या दिसत नाही, असं झालं तर हे तपासा. ऱ्य चंही तेच, तो दोन तऱ्हांनी टाइप होतो. तसंच देवनागरी १२ आणि इंग्रजी अंकांतला बारा: अक्षरं म्हणून तुलना केलीत तर वेगळे. गंमत म्हणजे संख्येत रूपांतर करा म्हटलं तर पायथन देवनागरी अंकही बरोबर ओळखतं.

"स्त्री" या शब्दाची लांबी पायथनला विचारा. सहा सांगेल. का, ते शोधून काढलंत तर माझ्या पहिल्या प्रतिसादाचं सार्थक झालं.


अर्धविराम

जुनाजाणता, सपशेल माघार. हे सी न शिकताही सांगता येतं हे तुम्हीच सिद्ध केलंत मात्र :)

तोडगा: लिहिण्याच्या दोन तऱ्हा असतील त्या आधी एकाच तऱ्हेत बदलून घ्याव्यात, मग क्रम लावावा. ॲ आणि ळ साठी क्रम लावण्यापुरती एक वेगळी किल्ली (ज्यावरून क्रम ठरेल असं नावाचं बदललेलं रूप) बनवून पायथनच्या सॉर्टला द्यायची.


शून्यापासून

स... हलन्त... त... हलन्त... र... दीर्घ वेलांटी. सहा! :)

तपासणीचा प्रोग्रॅम चालला. नापास ओळींत बहुतेक दहा अंकी क्रमांक आहेत, ते वेगळे काढले. आता "कोणाकडे कुठलं पुस्तक" हे राहिलं. सध्या पुस्तकाच्या ओळीतच "घेणाऱ्याचं नाव" आणि "फोन" असे रकाने आहेत. परत आलं की खोडतो. हे एक्सेलमध्येच चालवू की डेटाबेस खरंच लागेल?


मोजपट्टी

खोडता, म्हणजे इतिहास गेला. मागच्या वर्षी कुठलं पुस्तक सर्वांत जास्त फिरलं हे आता कोणालाच सांगता येणार नाही. शिवाय एकाच माणसानं पाच पुस्तकं नेली की त्याचा फोन पाच जागी, आणि बदलला की तीन जागी नवा, दोन जागी जुना. हे दुखणं जुनं आहे. आयबीएममधल्या एडगर कॉडनं १९७० साली माहिती एकमेकींशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवायची पद्धत मांडली, आजचे बहुतेक डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत.

तुम्हाला तीन तक्ते लागतील. पुस्तकं, सभासद आणि देवघेव. देवघेवीच्या एका ओळीत पुस्तकाचा क्रमांक, सभासदाचा क्रमांक, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख. नाव-फोन फक्त सभासदांच्या तक्त्यात. जोडायचं काम जॉइन करतं.

एसक्यूलाइट घ्या. अख्खा डेटाबेस म्हणजे एकच फाइल, सर्व्हर बसवायची भानगड नाही, पायथनमध्ये ते आधीपासूनच असतं. बघायला-भरायला डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट हे मोफत सॉफ्टवेअर आहे. सिलेक्ट, व्हेअर, जॉइन, ग्रूप बाय एवढे एसक्यूएलचे शब्द आले की तुमचं बहुतेक काम निघेल. डेटाबेसला एक मात्र स्पष्ट सांगावं लागतं: नसलेल्या सभासदाच्या नावावर पुस्तक चढवू देऊ नकोस. त्याला फॉरिन की म्हणतात. एसक्यूलाइटमध्ये ही तपासणी सहसा बंद असते, प्रत्येक वेळी जोडणी करताना प्राग्मा ही आज्ञा लिहून चालू करायची.

नवख्यांना हमखास चकवणारी जागा म्हणजे नल. पुस्तक अजून आलेलं नाही, म्हणून परतीची तारीख रिकामी, म्हणजे नल. "परतीची तारीख बरोबर नल" असं विचारलंत तर एकही ओळ मिळणार नाही, पुस्तकं बाहेर असली तरी. नल म्हणजे "माहीत नाही", आणि माहीत नसलेलं कशाच्याच बरोबरीचं नसतं, दुसऱ्या नलच्याही नाही. "इज नल" असं विचारायचं. "नॉट इन" वापरताना तर जास्तच जपा. कंसातल्या यादीत एक जरी नल शिरला तर उत्तरात एकही ओळ येत नाही, आणि तुम्हाला वाटतं की थकबाकीदारच नाहीत!

एक्सेलमध्ये चालेल का? एकटा माणूस नोंदी करत असेल तर काही काळ चालेल. फक्त कुठली फाइल कुठल्या प्रकारची हे सांभाळा. इंग्लंडमध्ये २०२० साली कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत, कारण माहिती जुन्या एक्सएलएस प्रकारात ओढली जात होती आणि तिथे ६५,५३६ ओळींनंतर जागा संपते. उरलेल्या ओळी गुपचूप गळाल्या. नव्या प्रकारात १०,४८,५७६ ओळी मावतात. तुमची यादी तिथपर्यंत जायची नाही, पण "गुपचूप" हा शब्द लक्षात असू द्या. डेटाबेसला नियम घालून दिला की तो नको असलेली गोष्ट घेत नाही आणि तसं तोंडावर सांगतो.


खिळेजुळारी

आणि रोजच्या रोज प्रत काढून दुसऱ्या जागी ठेवा. हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत.


शून्यापासून

तीन तक्ते केले. आता अडले ते इथे: एकाच पुस्तकाच्या चार प्रती आहेत, चारींचा आयएसबीएन एकच. देवघेवीत आयएसबीएन लिहिला तर कुठली प्रत गेली ते कळत नाही. जुन्या पुस्तकांना तर आयएसबीएनच नाही.


मोजपट्टी

बरोबर जागी अडलात. पुस्तक आणि प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून तक्ते चार. पुस्तकांच्या तक्त्यात नाव, लेखक, प्रकाशक, आणि असला तर आयएसबीएन. प्रतींच्या तक्त्यात दाखल क्रमांक (संग्रहात येताना त्या प्रतीला दिलेला), ती कुठल्या पुस्तकाची प्रत, आणि तिची स्थिती. "हरवले" हा शब्द पुस्तकाच्या ओळीतून उचलून इथे आणा, कारण हरवते ती प्रत. देवघेव दाखल क्रमांकावर. आयएसबीएन हा प्रकाशकाचा क्रमांक आहे, तुमच्या कपाटाचा नव्हे. पुस्तकांच्या तक्त्याची किल्ली, म्हणजे ओळ ओळखायची खूण, म्हणूनही तो वापरू नका, स्वतःचा साधा क्रमांक द्या.

दाखल क्रमांक जुन्या नोंदवहीत असणारच, तोच चालू ठेवा.


खिळेजुळारी

मग लेबलावरचा बारकोडही दाखल क्रमांकाचा हवा. तेरा अंकी प्रकार तिथे चालणार नाही, कोड १२८ घ्या, इंकस्केपच्या त्याच मेनूत आहे. त्यात अक्षरं-अंक दोन्ही बसतात आणि लांबी क्रमांकाप्रमाणे कमीजास्त होते. म्हणून सर्वांत लांब दाखल क्रमांक घेऊन लेबलाची रुंदी ठरवा. बारकोडखाली तो क्रमांक वाचता येईल अशा टायपात छापा, स्कॅनर बंद पडला तरी काम अडायला नको. आणि अर्धविराम, तुमची "शीर्षक_इथे" ची युक्ती नावापुरती ठीक आहे, पण बारकोडच्या रेघा प्रत्येक लेबलाला वेगळ्या. त्यांचं काय?


अर्धविराम

रेघाही पायथनच काढेल. बारकोडचं एसव्हीजी तयार करून देणाऱ्या लायब्रऱ्या आहेत, त्यांचा तुकडा लेबलाच्या फाइलीत ठरलेल्या जागी बसवायचा. शून्यापासून, आधी दहाच लेबलं छापा, त्यातलं एक सर्वांत लांब नावाच्या पुस्तकाचं घ्या आणि सगळी स्कॅन करून बघा. नीट वाचली गेली तरच बाकीची सोडा.